नाव नसलेला ठराव

आमच्या वर्गात चांदवडची एक मुलगी होती. तिची आई क्षयानं गेली होती आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, म्हणून ती पंचवटीत मामाकडे राहून शिकत होती. बोलायची कमी. गणितात मात्र अशी, की मोठ्या बाई फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण लिहून पुरं करेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. आम्ही मराठी सातवीत होतो. म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत टिकणाऱ्या मुली त्या काळी इतक्या थोड्या, की एकीला शिंक आली तरी बाकीच्या सगळ्यांना कळायचं.

एका दुपारी शिवणाच्या तासाला ही मुलगी उठली आणि कुणाला न विचारता वर्गाबाहेर गेली. दप्तर तिथंच. शिवणाच्या बाईंना वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. शाळा सुटायची वेळ झाली तरी ती परतली नाही, तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतः तिला शोधायला निघाल्या. तिच्या मामाचं घर मला माहीत होतं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

मामाकडे ती नव्हती. तिथून आम्ही गंगेवर आलो. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. धुणं धुणाऱ्या बायका निघून गेल्या होत्या आणि पार खालच्या अंगाला, जिथं घाटाच्या पायऱ्या संपतात, तिथं ती ओल्या परकरानं पाण्यात पाय सोडून बसली होती. बाई जवळ जाऊ लागल्या तशी ती ओरडली, "बाई, येऊ नका! मला आईचा रोग झालाय."

बाई थांबल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"आईच्या तोंडातून रक्त पडायचं. माझं दुसरीकडून पडतंय. धुतलं तरी थांबत नाही."

बाईंनी मला वरच्या पायरीवर जाऊन उभं राहायला सांगितलं आणि त्या सरळ जाऊन त्या ओल्या पायरीवर, तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. त्यांचं इरकली लुगडं भिजलं. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. पण चेहरे दिसत होते. मुलीनं आधी बाईंकडे अविश्वासानं पाहिलं. मग ती रडली, खूप रडली. आणि मग, याचंच मला नवल वाटलं, ती हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसली.

मरायला टेकलेल्या मुलीला हसू येईल असं बाईंनी काय सांगितलं असेल? परत येताना मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार." आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला अजून वेळ आहे." कशाला वेळ आहे, ते तिनं सांगितलं नाही.

आमच्या घरी आई महिन्यातले काही दिवस वेगळी बसायची. "आईला शिवू नकोस, तिला कावळा शिवलाय," असं काकू सांगायची. काकू बसली की तेच आई सांगायची. मला कळायला लागल्यापासून हा कावळा पाहायची माझी इच्छा होती. मी परसात दबा धरून बसले आहे, पण आईला शिवताना एकही कावळा सापडला नाही. शिवाय आमचं गाव म्हणजे कावळ्यांचा मान ठेवणारं. रामकुंडावर लांबलांबून आलेली माणसं पिंड ठेवून हात जोडून उभी असत. कावळा शिवला नाही की रडवेली होत, मेलेल्याला आश्वासनं देत, तुमच्या मुलाबाळांना सांभाळू म्हणत. तिथं शिवावा म्हणून एवढ्या विनवण्या, आणि आमच्याकडे शिवला की आईनं पाण्याच्या हंड्यालाही हात लावायचा नाही. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, "रामकुंडावरचे कावळे वेगळे आणि आपल्याकडचे वेगळे असतात का हो?"

वडील म्हणाले, "कावळे सगळीकडे सारखेच." मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून दुकानात गेले.

वडिलांचं भांडीबाजारात तांब्यापितळेचं दुकान होतं. माणूस साधा, गिऱ्हाइकाला सुद्धा भाव सांगताना संकोचणारा. पण बाजारातल्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून त्यांनी वडिलांना म्युनिसिपालटीत निवडून दिलं होतं. तिथं रस्ते, पाणी, दिवाबत्ती अशा मानाच्या कमिट्या वकील मंडळींनी वाटून घेतल्या आणि वडिलांच्या वाट्याला शाळा कमिटी आली. आजवर तिथलं काम म्हणजे गळकी कौलं आणि मोडके बाक. त्यांना ते जमायचं.

गंगेवरच्या त्या प्रकारानंतर मोठ्या बाईंनी शाळा कमिटीकडे अर्ज केला. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक अशी गोष्ट शिरली की जिला नाव नव्हतं.

"कमिटीपुढं काय आलंय?" आईनं जेवताना विचारलं.

"मुलींच्या आरोग्याचं आहे काहीतरी."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण…" वडिलांनी भाकरीचा तुकडा उगाच आमटीत फिरवला. "आरोग्याचीच आहे."

गावातल्या साप्ताहिकात कुणी एकानं संतापून पत्र लिहिलं. मी ते दोनदा वाचलं. आमच्या मुलींना शाळेत हे शिकवणार काय, असं त्यात तीन ठिकाणी विचारलं होतं. 'हे' म्हणजे काय ते एकाही ठिकाणी नव्हतं. देवळाच्या ओट्यावर, वडिलांच्या दुकानात, सोनाराच्या पेढीवर, जिथं जावं तिथं पुरुषमाणसं 'तो विषय', 'तो विषय' असं म्हणत होती आणि मी दिसले की हवापाण्यावर येत होती. मला झोप लागेना असं काही झालं नाही. पण शाळेत, घरी, रस्त्यात, डोक्यात एवढंच. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही, आणि ती गोष्ट माझ्याबद्दल आहे.

वडिलांच्या दुकानासमोर अत्तराचं दुकान होतं. अत्तरवाले चाचा वडिलांचे जुने स्नेही आणि तेही शाळा कमिटीवर. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा वर्षादीड वर्षानं मोठी होती. दुपारी बाजार थंड असला की आम्ही दोघी त्यांच्या दुकानामागच्या जिन्यावर बसून रिकाम्या कुप्यांची बुचं हुंगत गप्पा मारायचो. मी तिला चांदवडच्या मुलीचं सांगितलं.

"अगं, मग तिला हैज आलं," ती म्हणाली. जणू सर्दी झाली म्हणावं तसं.

"म्हणजे?"

"रक्त जातं. दर महिन्याला. मोठं झाल्यावर सगळ्यांना येतं. मला पण येतं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती तशीच्या तशी होती. वेणी, कानातल्या बाळ्या, बोटाला हिन्याचा वास. "तुला कुणी सांगितलं?"

"उस्तानीबाईंनी. नमाज शिकवताना सांगतात की. त्या दिवसांत नमाज पढायची नाही, रोजा धरायचा नाही, मग कसं न्हायचं, सगळं सांगतात."

"पण ते येतं कशाला?"

ती विचारात पडली. "ते नाही सांगितलं. नमाज कधी पढायची नाही, तेवढं सांगितलं."

म्हणजे इतका शोध लावून मला निम्मीच गोष्ट मिळाली होती. पण त्या निम्म्या गोष्टीनं कावळ्याचा निकाल लागला. त्या संध्याकाळी मी आईकडे नव्यानं पाहिलं. काकूकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत शिवणाच्या बाईंकडे पाहिलं. या सगळ्या बायकांना हे होतं आणि त्या पोळ्या लाटतात, दळतात, हसतात, देवळात जातात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही! मला त्यांचा धाक वाटण्याऐवजी आदरच वाटला.

मोठ्या बाई एका सकाळी आमच्या घरी आल्या. मी पाणी नेऊन दिलं आणि माजघराच्या दाराशी रेंगाळले. आई दारामागं उभी होतीच.

बाईंनी वडिलांना सरळ विचारलं, "तुमचं मत कुठल्या बाजूला पडणार?"

"बाई, मी भांडी विकणारा माणूस. मला यातलं काय कळतं?"

"माझी मागणी फार नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वर्षातून दोनदा येतील, सहावी-सातवीच्या मुलींशी बोलतील. सरकारनं लग्नाच्या वयाचा कायदा केला, चांगलं झालं. आता मुली चौदाच्या आत सासरी जात नाहीत. पण त्यामुळं जे पूर्वी सासरी घडायचं ते आता माझ्या वर्गात घडतंय, शिवणाच्या तासाला. कायदा करणाऱ्यांनी एवढा विचार केला नव्हता. तो आपल्याला करायला हवा."

"खरं आहे," वडील म्हणाले. "पण हे घरात आईनं सांगायचं. आमच्या मुलीला तिची आई सांगेल."

तेव्हा दारामागून आईचा आवाज आला. परक्या माणसांसमोर ती सहसा बोलत नसे.

"मी नाही सांगू शकणार."

वडिलांनी मान वळवली.

"मला कुणी सांगितलेलं नाही," आई म्हणाली. "काय सांगतात, कसं सांगतात, मला माहीत नाही. माझं न्हाण आलं तेव्हा सासूबाईंनी मखर केलं. वाजंत्री लावली. साऱ्या आळीला साखर वाटली. मला हिरवं लुगडं नेसवून, फुलांच्या जाळीत बसवून बायका गाणी म्हणत होत्या. मला वाटत होतं, मला काहीतरी भयंकर झालंय आणि ही माणसं इतकी खूश का आहेत? कुणाला विचारणार? तुम्हीही होतात तिथं. पेढा खात होतात."

वडील तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असतील. बाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि त्या फार हलक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कमिटीच्या बैठकीला याल? तिथं बोलू नका. नुसत्या बसा."

बैठकीला आई गेली आणि मला घेऊन गेली. मोठ्या बाईंनी आणखी काही जणींना गाठलं होतं. चांदवडच्या मुलीची मामीही आली होती. प्रेक्षकांच्या बाकावर ओळीनं बसलेल्या नऊवारीतल्या बायका पाहून अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अध्यक्ष म्हणजे एक पेन्शनर मामलेदार, करडे आणि नियमाचे पक्के.

त्यांनी पुकारलं, "विषय पुढचा. मुख्याध्यापिकांच्या अर्जाचा विचार करणे."

वडील उठले. ठराव त्यांनी मांडायचा असं बाईंशी ठरलं असावं, कारण त्यांच्या हातात चिठोरं होतं. "मी असा ठराव मांडतो की, मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना… वरच्या वर्गांतल्या मुलींना…" आणि ते थांबले.

कारकुनानं टाक उचललेला. "कसलं शिक्षण लिहू?"

"शरीराचं शिक्षण," वडील म्हणाले.

"शरीरशिक्षण म्हणजे कवायत. ती आहेच," एक वकील सभासद म्हणाले.

"मग आरोग्य लिहा."

"आरोग्य म्हटलं की देवी टोचणं. तो वेगळा खर्च."

"स्त्रीधर्म म्हणावं," कुणीतरी सुचवलं.

यावर एक वैद्यबुवा ताडकन उठले. ते या ठरावाचे मुख्य विरोधक. "स्त्रीधर्म हा धर्मशास्त्राचा विषय आहे. म्युनिसिपालटीनं त्यात पडू नये. आणि मी विचारतो, ज्या विषयाचं नाव कमिटीतल्या पोक्त माणसांना उच्चारता येत नाही, तो कोवळ्या मुलींच्या कानावर घालायचा?"

पुष्कळांनी माना हलवल्या. मलाही क्षणभर ते पटलं. मग माझ्या मनात आलं की, नाव उच्चारता येत नाही ही त्यांची अडचण आहे, मुलींची कुठं?

वडील अजून उभेच होते. त्यांनी चिठोरं खिशात टाकलं. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती; आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखाच होता.

"वैद्यबुवा म्हणतात ते बरोबर आहे. मला नाव घेता येत नाही. म्हणून मी वेगळं विचारतो. माझ्या घरात मुलगी आहे. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी कुणी सांगतं का? कुणाच्या घरी सांगत असतील तर बोला, मी ठराव मागं घेतो."

वैद्यबुवा छताकडे पाहू लागले. अध्यक्ष म्हणाले, "हे असं सभेत विचारायची पद्धत नाही."

"मी सांगतो," असं म्हणून अत्तरवाले चाचा उठले. "आमच्यात सांगतात. मुलगी मोठी व्हायच्या आधी उस्तानीबाई तिला समोर बसवून सांगते. नमाज कधी माफ, गुसलचं न्हाणं कधी फर्ज. आता यात शरम धरली तर नमाज चुकेल, आणि खुदापुढं जबाब मुलगी थोडीच देणार? आम्ही आई-बाप देणार. माझी पोरगी बिघडलेली नाही. तुम्ही सगळे तिला लहानपणापासून बघताय. पण एक आहे. उस्तानीबाई कायदा सांगते, कारण सांगत नाही. कारण डॉक्टरीणबाईनं सांगितलं तर माझ्या पोरीलाही तिथं पाठवीन."

त्यांची मुलगी आमच्या शाळेत नव्हती. तरी ते असं म्हणाले, हे मला फार आवडलं.

मग बरीच घासाघीस झाली. वैद्यबुवांनी अटी घातल्या. शाळा सुटल्यावर व्हावं. प्रत्येक मुलीबरोबर आई किंवा घरची वडीलधारी बाई हवी. इमारतीत एकही पुरुष नको, शिपाईसुद्धा नको. आणि आरोग्यापुरतं तेवढंच बोलावं, त्यापुढं नाही. 'त्यापुढं' म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. हात मोजले गेले आणि ठराव निसटत्या बहुमतानं मंजूर झाला. कारकुनानं पुन्हा विचारलं, नाव काय लिहू? अध्यक्ष वैतागून म्हणाले, "मुख्याध्यापिकांच्या अर्जातील विषय, असं लिहा." तेच लिहिलं गेलं.

व्याख्यान झालं तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचा होता. शाळेच्या मोठ्या वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. शिपायाला बाईंनी घरी पाठवलं होतं आणि दाराला आतून कडी होती. आम्ही मुली पुढं, आया मागं. चाचांची मुलगी तिच्या आईबरोबर बुरख्यात आली. आत आल्यावर दोघींनी बुरखे काढून घडी करून मांडीवर ठेवले. चांदवडची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत जरासं मोठेपण होतं, या वर्गातला पहिला धडा आपला होऊन गेलाय असं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, सावळ्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी रंगीत खडूनं फळ्यावर एक आकृती काढली. उलट्या टांगलेल्या पेरूसारखी पिशवी, दोन बाजूंना दोन फांद्या, आणि फांद्यांच्या टोकाला द्राक्षासारखं एक एक काहीतरी. "हे तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहे," त्या म्हणाल्या. वर्गातल्या प्रत्येक बाईचा हात नकळत आपापल्या पोटाकडे गेला. पिशवी बाळासाठी दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार करते, बाळ राहिलं नाही की ते अस्तर गळून जातं, तेच रक्त. रोग नाही, विटाळ नाही, शिक्षा नाही. कापड उकळत्या पाण्यात धुवायचं आणि उन्हात वाळवायचं, कोनाड्यात दडवून दमट ठेवायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

"काही विचारायचं आहे का?" त्यांनी आम्हाला विचारलं.

मुली खाली मान घालून बसल्या. मी धीर केला. "दर महिन्यालाच का? दर आठवड्याला किंवा दर वर्षाला का नाही?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. "अंगात काही रस पाझरतात, त्यांच्यामुळं, असं म्हणतात. पण पुरतं अजून आम्हालाही कळलेलं नाही. शोध चालू आहे."

आजवर मला 'तुला कळणार नाही' असं सांगणारे भेटले होते. 'आम्हाला कळलेलं नाही' असं सांगणारं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मुली गप्पच राहिल्या. बोलायला लागल्या त्या आया. पहिला प्रश्न चांदवडच्या मुलीच्या मामीनं विचारला. ती उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून. "मला तिन्ही मुलीच झाल्या. माझ्या पिशवीत काही दोष आहे का?"

"नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. त्यात बाईचा काही संबंध नाही."

मामी तशीच उभी. मग म्हणाली, "बाई, हे तुम्ही एकदा आमच्या घरी येऊन सांगाल का?" आणि सगळ्याजणी हसल्या. मामीही हसली. पण ती बसली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला होता आणि भाचीनं मागं वळून तिचा हात धरला.

मग प्रश्नांचा पूरच आला. फार अंगावर जातं ते का? मूल अंगावर पीत असताना दिवस राहतात का? दोन मुलांत अंतर कसं ठेवायचं? इथं मोठ्या बाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "ते ठरावात बसत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग दवाखान्यात या. दवाखान्याला ठराव नाही." अगदी मागं, भिंतीला टेकून, अध्यक्षांच्या घरच्या वयस्क बाई बसल्या होत्या, त्या कधी आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "बंद होतं ते कसं होतं? दोन वर्षं माझ्या अंगातून वाफा निघतायत. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, आपल्याला काही होतंय."

डॉक्टरीणबाई त्यांच्यापाशी जाऊन बसल्या आणि त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. ऊन उतरेपर्यंत कुणी उठायला तयार नव्हतं.

ठरावाचं पुढं फारसं काही झालं नाही. शिक्षण खात्याकडून उत्तर आलं की हा विषय अभ्यासक्रमात नाही. मग निवडणूक झाली, नवी कमिटी आली, आणि तिनं ठराव बाजूला ठेवला. दुसरं व्याख्यान झालंच नाही. मोठ्या बाई मात्र शाळेत असेपर्यंत सातवीतल्या मुलींना एकेकटीला आपल्या खोलीत बोलावून बोलायच्या. चांदवडची मुलगी सातवीच्या फायनल परीक्षेला चांगली पास झाली, पुढं नामपूरकडे शाळेत शिकवायला गेली, आणि तिथल्या मुलींशी ती काय बोलत असेल याची मला कल्पना आहे.

माझी वेळ त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आली. मी घाबरले नाही. आईला जाऊन सांगितलं, "आई, आलं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला कापड कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि मग नेहमीप्रमाणे कोपऱ्यात घोंगडी टाकून दिली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, विटाळ नसतो," मी म्हटलं.

"म्हणाल्या खऱ्या," आई म्हणाली. "मला पटलंही. पण काकू काय म्हणेल?" आणि मी बसले. कळणं आणि वागणं यांच्यात किती अंतर असतं ते मी त्या घोंगडीवर बसून पहिल्यांदा मोजलं.

मग काही दिवसांनी वडील मला घेऊन पंचवटीतल्या बाजारात भाजीला गेले. येताना पिशवी त्यांनीच घेतली, मला उचलू दिली नाही. पुलाच्या मध्यावर ते जरा थांबले, खाली पाण्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी ठराव मांडला खरा. पण आम्हा पुरुषांना आत येऊ दिलं नव्हतं."

"हो."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं काय नेमकं?"

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. गर्दीच्या पुलावर, टांगे जात असताना, मी त्यांना जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. पेरूसारखी पिशवी, अस्तर, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच थांबवून एखादी गोष्ट पुन्हा विचारत होते.

"दुखतं का फार?"

"पहिल्या दिवशी दुखतं."

"तुझ्या आईलाही?"

"मला माहीत नाही. तिला विचारा की."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "आता कसं विचारायचं?"

"मला विचारलंत तसंच," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा आई परसात धुणं वाळत घालत होती. वडिलांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, आणि दुकानात जायचं सोडून ते परसाच्या दाराकडे गेले.